दफ्तरातील वाट : फाईलींच्या वृक्षातील संचार आणि ‘देवळाली’चा शोध

‘दफ्तर’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कातडे, या शब्दापर्यंत नेऊन पोचविता येते. ‘रुमाल’ हाही फारसीच. चेहरा पुसण्याचे वस्त्र हा त्याचा मूळ अर्थ. कागदांची चळत ज्या चौकोनी फडक्यात बांधली जाई त्याला हे नाव मिळाले व पुढे बांधलेल्या गठ्ठ्यासच रुमाल म्हणू लागले. ‘फाईल’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘फीलुम’, म्हणजे सूत, आहे; कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवण्याची रीत त्यात सूचित होते. कातडे, फडके आणि दोरा. या तिन्ही नावांवरून आतील कागदात काय लिहिले आहे याचा काहीच बोध होत नाही. कागद कशावर लिहिला, कशात बांधला, कशात ओवला एवढेच त्यांवरून कळते. ‘डिरेक्टरी’ हा शब्द मात्र निराळ्या कुळातील आहे. तो दिशा दाखविण्याच्या क्रियेवरून आला असून त्याचा ‘निर्देशिका’ हा मराठी पर्याय, शासकीय परिभाषेतील कित्येक पर्यायांच्या मानाने, चांगला साधला आहे. निर्देशिका कागद पोटात घेत नाही. कागद कोठे आहे एवढेच ती सांगते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

संगणकात साठविलेल्या शेकडो निर्देशिका व त्यांतील हजारो फाईली एकामागून एक उघडून पाहण्याचे काम आज भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकास वारंवार करावे लागते. हे काम तो हाताने करीत नाही. पर्ल, पायथन यांसारख्या स्क्रिप्ट-भाषेत लिहिलेली पाच-सात ओळींची आज्ञावली ते करते आणि अखेरीस एक आकडा किंवा एक यादी समोर ठेवते. त्या यादीत जे आले त्याबद्दल सहसा वाद होत नाही, कारण मूळ फाईल उघडून खात्री करून घेता येते. वाद होतो, किंबहुना व्हावयास हवा, तो जे आले नाही त्याबद्दल. ‘अमुक शब्द या संग्रहात आढळत नाही’, ‘अमुक सालापूर्वी या गावाचा उल्लेख नाही’ अशी विधाने संशोधनपर लेखांतून नित्य वाचावयास मिळतात. त्यांची सत्यता एकाच गोष्टीवर अवलंबून असते : संग्रहाच्या सर्व फांद्यांतून संचार खरोखरच पूर्ण झाला होता काय? या संचाराच्या साधनांचा इतिहास तपासला असता असे दिसते की, न उघडलेल्या दाराविषयी ही साधने कधी तक्रार करीत, कधी मौन पाळीत. आणि ज्या साधनांचा आज सर्वाधिक उपयोग होतो त्यांतील एक प्रमुख साधन मौन पाळणाऱ्यांपैकी आहे.

एखादे ठोस उदाहरण समोर ठेवल्यावाचून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येत नाही. नाशिकजवळील देवळाली कॅम्प हे स्थळ त्या दृष्टीने उद्बोधक आहे. १८६१ साली येथे ब्रिटिश फौजेची छावणी स्थापन झाली. सेवेची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजांची वाट पाहत येथे दिवस कंठीत आणि त्या रिकामपणातून जे चित्तभ्रंशाचे प्रकार घडत त्यांवरून सैनिकांच्या बोलीत ‘डूलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च. इंग्रजी कोशांत आज ‘डूलॅली’ हे वेडसर या अर्थाचे विशेषण म्हणून नांदत आहे. भारतीय तोफखान्याची प्रशालाही याच ठिकाणी आहे.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्यास देवळालीविषयीचे सर्व कागद धुंडाळावयाचे आहेत. पहिली अडचण नावाची. मराठीत ‘देवळाली’, हिंदी लेखनात ‘ळ’च्या जागी ‘ल’ येऊन ‘देवलाली’, लष्करी इंग्रजीत ‘देओलाली’ असे वाचावयास लावणारी अक्षरजुळणी, रेल्वेच्या स्थानकावर तिच्याहून निराळी, आणि सैनिकांच्या तोंडी ‘डूलॅली’. दुसरी अडचण याच्या उलट आहे. येथे एका स्थळाची अनेक नावे झाली, तर तेथे एकाच नावाची अनेक स्थळे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात ‘देवळाली प्रवरा’ हे दुसरे गाव आहे. नुसत्या नावाने शोध केल्यास दोहोंचे कागद एकत्र येतील. ते वेगळे करावयाचे तर नावाच्या जोडीस स्थानाची परंपरा हवी. मराठी कारभाराने ती फार पूर्वीच ओळखली होती. ‘मौजे अमुक, तर्फ अमुक, परगणे अमुक’ ही जुन्या पत्रांतील शब्दावली म्हणजे गावाचे नुसते नाव नव्हे. ते गाव ज्या उतरंडीत बसते तिचा तो संपूर्ण मार्ग होय. संगणकाच्या परिभाषेत ज्याला पथनाम म्हणतात ते हेच. फरक एवढाच की, मराठी लेखनिक पानापासून आरंभ करून खोडाकडे जाई आणि यंत्र खोडापासून निघून पानाकडे येते.

परंतु पथही स्थिर राहत नाही. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. तत्पूर्वी नाशिककडील तालुक्यांचा कारभार अहमदनगर जिल्ह्याखाली चाले. म्हणजे छावणीच्या पहिल्या आठ वर्षांचे मुलकी कागद ‘नाशिक’ या फांदीवर मिळतील अशी अपेक्षा धरणे चूक होय. लष्करी कागदांची शाखा निराळीच. १८९५ साली इलाख्यांच्या स्वतंत्र फौजा मोडल्या. त्याआधी मुंबई इलाख्याची फौज वेगळी होती. ब्रिटिश पलटणींचे कागद तर विलायतेतील दफ्तरखान्यांत गेले. सारांश, एका लहानशा गावाचे कागद तीन-चार भिन्न वृक्षांच्या भिन्न फांद्यांवर विखुरलेले असतात.

अशा वृक्षात संचार करण्याचा सर्वांत मोठा मराठी अनुभव पुण्याच्या पेशवे दफ्तराचा आहे. तेथे सुमारे ३५ हजार रुमाल आहेत; त्यांतील बहुसंख्य मोडी लिपीतील. रुमालात पुडकी आणि पुडक्यात कागद. संशोधक आजही आधार देताना रुमालाचा, पुडक्याचा व कागदाचा क्रमांक देतो, म्हणजे पथनामच देतो. दफ्तराची मांडणी करणाऱ्या जुन्या कारकुनांना आणखी एक गोष्ट उमगली होती. रोजकीर्दीत व्यवहार तिथीवार नोंदविले जात. पण एखाद्या सरदाराचा किंवा खात्याचा हिशेब पाहावयाचा तर वर्षभराची कीर्द चाळणे अशक्य. म्हणून कीर्दीवरून बाबवार ‘घडणी’ तयार करण्यात येत. एकच नोंद दोन वाटांनी गाठता यावी याची ही तजवीज होती. वृक्षाची एक मोठी उणीव अशी की, प्रत्येक पान एकाच फांदीवर असते आणि कागद ठेवणाऱ्याने जी फांदी निवडली ती शोधणाऱ्याला सुचेलच असे नाही. घडणी ही त्या उणिवेवरील तोड होय.

पेशवे दफ्तर खासगी अभ्यासकांना दीर्घकाळ बंद होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे जे बावीस खंड प्रसिद्ध केले ते गावोगावच्या घराण्यांच्या माळ्यांवरून व तळघरांतून मिळविलेल्या कागदांच्या बळावर. राजवाड्यांच्या पायपिटीचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या काळातील इतिहासलेखनातील ‘असा उल्लेख कोठे मिळत नाही’ या धर्तीची विधाने वाचताना, सरकारी दफ्तराचे दार तेव्हा बंद होते हे वाचकाने आपल्या मनाने जोडून घ्यावे लागते. पुढे मुंबई सरकारने गोविंद सखाराम सरदेसाई यांची योजना केली व १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग बाहेर पडले. या कार्यामागे यदुनाथ सरकार यांचा आग्रह होता. या निवडीइतकेच, कदाचित अधिक, मोलाचे काम सरदेसायांनी १९३३ साली केले : दफ्तरात कोणत्या प्रकारचे रुमाल आहेत व ते कोठे आहेत हे सांगणारी मार्गदर्शिका त्यांनी प्रसिद्ध केली. निवडीवरून काय सापडले ते कळते. मार्गदर्शिकेवरून काय पाहावयाचे राहिले आहे तेही कळू शकते. पहिल्या कामाची कीर्ती झाली, दुसऱ्याची फारशी झाली नाही.

यंत्राच्या जगात फाईलींची वृक्षाकार मांडणी स्पष्टपणे सांगितली गेली ती १९६५ साली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्था, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या सहकार्याने चाललेल्या मल्टिक्स या प्रकल्पाविषयी डेली व न्यूमन यांनी त्या वर्षी जो निबंध सादर केला, त्यात निर्देशिकेच्या पोटी निर्देशिका ही कल्पना पूर्णत्वाने आढळते. फांदीबरोबरच ‘दुवा’ हीही कल्पना त्यात आहे. दुसऱ्या फांदीवरील वस्तूकडे बोट दाखविणारी नोंद असे तिचे स्वरूप. हीच यंत्रातील घडणी.

१९६९ साली बेल प्रयोगशाळा त्या प्रकल्पातून बाहेर पडली आणि तेथील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी एका लहान यंत्रावर युनिक्सची उभारणी केली. रिची यांनी पुढे लिहिलेल्या इतिवृत्तावरून एक चमत्कारिक गोष्ट समजते. या पहिल्या युनिक्समध्ये निर्देशिका होत्या, पण पथनाम नव्हते. वापरणारा ज्या निर्देशिकेत उभा असेल तेथील नाव तेवढे त्याला उच्चारता येई. गावात राहून शेजाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारावी, परगावच्या माणसाचा पत्ता मात्र सांगता येऊ नये, अशी ती स्थिती होती. १९७१ च्या आवृत्तीपर्यंत तिरप्या रेघेने जोडलेले पथनाम आले आणि कोठूनही कोठल्याही फाईलीचा निर्देश करणे शक्य झाले. युनिक्समध्ये फाईलीचे नाव फाईलीत नसते. ते निर्देशिकेत असते आणि तेथे नावासमोर केवळ एक क्रमांक असतो. फाईलीची खरी हकीकत त्या क्रमांकाच्या नोंदीत. म्हणून एका फाईलीस दोन निर्देशिकांत दोन नावे असू शकतात व त्यांतील कोणतेही अधिक खरे नसते. ‘निर्देशिका’ या शब्दाची यथार्थता येथे पटते. निर्देशिकांना मात्र अशी दोन घरे सहसा देऊ नयेत असा दंडक ठेवण्यात आला, कारण तसे केल्यास वृक्ष हा वृक्ष उरत नाही, त्यात वर्तुळे निर्माण होतात आणि त्यात शिरलेला प्रवासी फिरतच राहतो. १९८३ सालच्या बर्कली येथील आवृत्तीने सांकेतिक दुवे आणले व हा दंडक आडवाटेने सैल झाला.

संचाराची रीत तत्त्वतः अगदी साधी आहे. एक निर्देशिका उघडावी. तीत ज्या फाईली असतील त्या पाहाव्या. ज्या पोटनिर्देशिका असतील त्यांपैकी पहिलीत शिरावे आणि तेथे पुन्हा हेच करावे. ती संपली की मागे येऊन दुसरीत शिरावे. अट एकच. मागे कोठे यावयाचे आणि तेथे काय पाहावयाचे उरले आहे, हे कोणीतरी ध्यानात ठेवले पाहिजे. एदुआर लुकास यांनी १८८२ साली गणिती करमणुकीच्या आपल्या ग्रंथात त्रेमो नावाच्या गृहस्थाची जी चक्रव्यूहातून जाण्याची रीत दिली आहे, तिच्यात ही आठवण वाटेवर केलेल्या खुणांच्या रूपाने ठेवलेली आहे. दफ्तरखान्यात ती आठवण म्हणजे टेबलावर अर्धवट उघडलेला रुमाल आणि त्यावर पालथे ठेवलेले पुडके. जितक्या पातळ्या खोल जावे तितके उघडे गठ्ठे. यंत्रात हीच उघड्या गठ्ठ्यांची चळत स्मृतीत रचली जाते.

चळतीच्या या व्यवहारात दोन क्रम संभवतात आणि त्यांची निवड ही केवळ आवडीची बाब नाही. निर्देशिकेची दखल तिच्यात शिरण्यापूर्वी घ्यावी, की तिच्यातून बाहेर पडताना? ‘कच्चे मसुदे’ नावाची निर्देशिका वगळावयाची असेल तर शिरण्यापूर्वीच दखल घेतली पाहिजे. एखाद्या निर्देशिकेतील एकूण शब्दसंख्या मोजावयाची असेल तर पोटातील सर्व निर्देशिकांची मोजणी आधी संपली पाहिजे, म्हणजे दखल बाहेर पडताना. निर्देशिका नष्ट करावयाची असल्यास तर दुसरा क्रम अपरिहार्यच. भरलेला रुमाल फेकता येत नाही, आधी रिकामा करावा लागतो.

हा संचार करणारी पहिली प्रसिद्ध स्वतंत्र आज्ञा ‘फाइंड’ ही होय. डिक हेट यांनी लिहिलेली ही आज्ञा युनिक्सच्या १९७४ सालच्या पाचव्या आवृत्तीत आढळते. तिचे व्याकरण विचित्र आहे आणि त्याबद्दल तिला आजवर बोल लावण्यात येतो. पण तिच्या अंगी एक सद्गुण आहे. ज्या निर्देशिकेत तिला प्रवेश मिळत नाही तिच्याविषयी ती प्रत्येक वेळी एक ओळ लिहून तक्रार करते. ही तक्रार शोधाच्या फलिताहून निराळ्या वाटेने बाहेर पडते. पुष्कळ वापरकर्ते पडदा स्वच्छ दिसावा म्हणून ती वाट यंत्रातील अथांग विहिरीकडे वळवून देतात. येथे दोष साधनाचा नाही.

१९७९ च्या सुमारास प्रसृत झालेल्या बोर्न शेलमध्ये तारांकन-चिन्हाने एका पातळीवरील सर्व नावे घेता येत. खालच्या पातळ्यांसाठी ‘फाइंड’चाच आश्रय घ्यावा लागे. लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली. वॉल हे भाषाविज्ञानाचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. एकच आशय अनेक रीतींनी व्यक्त करता यावा, संदर्भावरून अर्थ ठरावा, हे नैसर्गिक भाषेचे गुण त्यांनी आपल्या कृत्रिम भाषेत हेतुपूर्वक आणले. भाषाभ्यासकांमध्ये ही भाषा लोकप्रिय झाली यात नवल नाही. पर्लच्या पाचव्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या ‘फाईल-फाइंड’ या संचात संचाराची रीत अशी : वापरणाऱ्याने एक उपक्रिया लिहून द्यावयाची व संचार करणाऱ्या यंत्रणेने प्रत्येक फाईलीपाशी पोचून ती चालवावयाची. लगाम यंत्रणेच्या हाती. वाटेत थांबणे, मागील फाईलीची पुढीलशी तुलना करणे या गोष्टी वापरणाऱ्यास अवघड जात. जत्रेला नेणाऱ्या गाडीवानाने प्रत्येक देवळापाशी उतारूस हलवून जागे करावे तसा हा प्रकार.

पायथनमध्येही आरंभी हीच रीत होती. २००३ साली निघालेल्या तिच्या २.३ या आवृत्तीत ‘वॉक’ हे फलन आले आणि लगाम प्रवाशाच्या हाती गेला. ‘वॉक’ दर मुक्कामी तीन गोष्टी देते : निर्देशिकेचा पथ, तीतील पोटनिर्देशिकांची यादी आणि फाईलींची यादी. मग ते थांबून राहते. पुढे जावयाचे की नाही हे मागणाऱ्याने ठरवावयाचे. पोटनिर्देशिकांच्या यादीतील एखादे नाव त्याने खोडले तर ‘वॉक’ त्या फांदीवर जातच नाही. जुने फलन २००८ च्या पायथन ३.० मधून काढून टाकण्यात आले. २०१५ च्या ३.५ या आवृत्तीत बेन हॉइट यांच्या प्रस्तावानुसार निर्देशिका वाचण्याची आतील पद्धत बदलली व संचाराचा वेग कित्येक पटींनी वाढला. यापूर्वी यंत्र प्रत्येक नावासाठी ‘ही फाईल की निर्देशिका’ असे कार्यप्रणालीला पुन्हा विचारीत असे. वस्तुतः त्याचे उत्तर नावाबरोबरच हाती आलेले असे व टाकून दिले जाई. इतक्या साध्या उधळपट्टीकडे इतकी वर्षे लक्ष जाऊ नये हे आश्चर्यच म्हणावयाचे.

या सुबक साधनाचा अवगुण त्याच्या अबोलपणात आहे. एखादी निर्देशिका उघडता आली नाही तर ‘वॉक’ ती सोडून पुढे जाते व काहीही बोलत नाही. त्रुटी कळविण्याची सोय त्यात ठेवलेली आहे. ‘ऑन-एरर’ या नावाने एक उपक्रिया दिल्यास ती प्रत्येक अडथळ्यापाशी चालते. परंतु ती दिली नाही तर मौन, हा दस्तऐवजात नमूद केलेला नियम आहे. सांकेतिक दुव्यांचेही तेच : दुव्याने जोडलेली निर्देशिका यादीत दिसते, पण मुद्दाम सांगितल्यावाचून ‘वॉक’ तिच्यात शिरत नाही. हे वर्तुळाच्या भयाने केलेले आहे आणि ते समर्थनीय आहे. पण दुव्यापलीकडील ग्रंथ वाचले गेले नाहीत ही गोष्ट फलितात कोठेच उमटत नाही. या नियमाचा सर्वांत विलक्षण परिणाम असा की, आरंभस्थानच चुकले तरी तक्रार होत नाही. ‘देवळाली’ या निर्देशिकेऐवजी कोणी ‘देवलाली’ असे लिहिले आणि त्या नावाची निर्देशिका अस्तित्वातच नसली, तर ‘वॉक’ शांतपणे शून्य मुक्काम करते व काम संपल्याचे दर्शविते. त्यावरून ‘उल्लेख नाहीत’ असा निष्कर्ष काढणाऱ्याला आपली चूक कळण्यास मार्ग नसतो. एका ‘ळ’ने संपूर्ण छावणी नाहीशी होते.

हा अबोलपणा एकदा याहूनही पुढे गेला होता आणि तो इतिहास देवनागरीत लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २००८ च्या डिसेंबरात निघालेल्या पायथन ३.० मध्ये निर्देशिकेतील जी नावे अपेक्षित संकेतपद्धतीने उकलत नसत ती यादीतून सरळ वगळली जात. फाईल जागेवर आहे, उघडण्याची परवानगी आहे, पण तिचे नाव परक्या लिपिसंकेतात लिहिलेले आहे म्हणून ती नाहीच असे मानावयाचे. पुढील वर्षीच, ३.१ या आवृत्तीत, मार्टिन फॉन ल्योव्हिस यांच्या प्रस्तावाने ही चूक सुधारण्यात आली. न उकलणारे बाइट एका राखीव संकेतांच्या आवरणात जसेच्या तसे जपून ठेवावयाचे व फाईल उघडण्याच्या वेळी पुन्हा मूळ रूपात द्यावयाचे, अशी ती युक्ती आहे. हस्तलिखिताच्या संपादनात न लागलेले अक्षर गाळण्याऐवजी त्याची आकृती तशीच उतरून ठेवण्याची जी शिस्त असते, तीच येथे यंत्रास लावली गेली.

मराठी नावांच्या अडचणी मात्र येथे संपत नाहीत. ‘गोऱ्या पलटणी’ हे फाईलीचे नाव घ्या. त्यातील अर्ध्या ‘ऱ’चे संकेतन युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी करता येते : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्यास हलन्त जोडावयाचे, ‘र’, नुक्ता व हलन्त असे तीन संकेत लिहावयाचे, किंवा ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालावयाचे. तिन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात. यंत्र संकेतांची तुलना करते, त्यामुळे त्याच्या लेखी ही तीन निरनिराळी नावे. पहिली दोन रूपे युनिकोडच्याच नियमानुसार समतुल्य असल्याने प्रमाणीकरणाने एक करता येतात. तिसरे रूप त्या नियमात बसत नाही, त्याची सोय अभ्यासकाने स्वतः करावी लागते. ॲपल कंपनीची १९९८ पासूनची फाईल-व्यवस्था नावे साठविताना ती विघटित रूपात नेई, म्हणजे एका रूपात लिहिलेले नाव दुसऱ्या रूपात परत मिळे. २०१७ नंतरच्या व्यवस्थेत लिहिलेले रूप जपले जाते. जुन्या यंत्रावरून नव्यावर आणलेल्या संग्रहात त्यामुळे दोन्ही रूपे सरमिसळ असण्याचा संभव आहे.

क्रमाचा प्रश्न तुलनेने सौम्य आहे. निर्देशिकेतील नावे कोणत्या क्रमाने मिळतील याची पायथन हमी देत नाही. वापरणाऱ्याने क्रम लावला तर तो संकेतांकांचा लागतो. त्यात ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून ‘व’च्या आधी येतो आणि ‘क्षेत्र’ हा शब्द ‘क’च्या पोटात जातो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ अखेरीस. यादी पाहून ‘ळ’ शेवटी नाही, अर्थात तो नाहीच, असे समजणाऱ्या माणसाची फसगत होते. संचार मात्र बिघडत नाही.

अधिक घातक आहे तो आशयाचा भाग. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर पुष्कळदा विशिष्ट टंकांच्या खासगी संकेतांत टंकला जाई. १९९१ साली भारतीय मानक म्हणून इस्की संकेत सिद्ध झाला होता, तरी छपाईचा व्यवहार टंकांच्या मर्जीवर चालला. अशी फाईल ‘वॉक’ला सापडते, तिचे नाव यादीत येते, ती उघडतेही, पण तीत ‘देवळाली’ हे अक्षरसमूह यंत्राला दिसत नाहीत, कारण त्यांच्या जागी रोमन चिन्हांचा गुंता असतो. दार उघडले, दिवाही लागला, पण मोडी न येणारा माणूस रुमालापुढे बसावा तशी अवस्था. या फाईलींची गणना ‘वाचल्या’ या सदरात होते, ही मोठी फसवणूक होय.

संचार पूर्ण झाला की नाही हे पडताळण्याचा एक उपाय संग्रह रचणाऱ्यांच्या हाती असतो आणि त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. शा. वि. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा जो भाषासंग्रह सिद्ध झाला, त्यात १९७८ साली प्रकाशित झालेल्या मजकुरातून निवडलेले, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे, ५०० उतारे आहेत. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहाचा नमुना त्यासाठी अनुसरला होता. उताऱ्यांची संख्या आधीच ठरलेली असल्याने संचार करणाऱ्या आज्ञावलीने ४९९ उतारे वाचले तर उणीव तत्काळ कळते. ज्या संग्रहांची अशी शिरगणती झालेली नाही, उदाहरणार्थ वर्षानुवर्षे साचत आलेले प्रतिमांकित कागद, तेथे मोजणी दुहेरी केली पाहिजे : एकदा ‘फाइंड’ने, तिच्या तक्रारी न बुडविता, आणि एकदा ‘वॉक’ने, ‘ऑन-एरर’ देऊन. दोन आकडे जुळले नाहीत तर फरक कोठे पडला हे पथनामांवरून शोधता येते. लेखात शोधाचे फलित जसे छापले जाते तसेच किती निर्देशिका उघडल्या नाहीत, किती फाईलींचा संकेत उकलला नाही, किती दुवे ओलांडले नाहीत हेही छापावे. विद्यापीठीय प्रबंधांतून ही माहिती आज अभावानेच आढळते. तिला तांत्रिक बाब समजून परिशिष्टातही स्थान दिले जात नाही, हे योग्य नव्हे.

देवळालीच्या शोधात या साऱ्याचा उपयोग असा होईल. आरंभस्थान अस्तित्वात आहे याची खात्री ‘वॉक’ला हाक मारण्यापूर्वीच करावी. नावाची सर्व रूपे एकत्र गोळा करून, प्रमाणीकरण करून, त्यांच्याशी तुलना करावी. त्यांत ‘डूलॅली’ विसरू नये, कारण सैनिकांच्या आठवणींत व पत्रांत गाव त्याच नावाने भेटते. ‘नाशिक’ या फांदीबरोबर १८६९ पूर्वीसाठी ‘अहमदनगर’ आणि १८९५ पूर्वीच्या लष्करी कागदांसाठी मुंबई इलाख्याची शाखा घ्यावी. देवळाली प्रवरेचे कागद पथनामावरून गाळता येतील. परंतु ज्या आठ वर्षांत दोन्ही देवळाल्यांचा कारभार अहमदनगरच्याच शाखेखाली होता, तेथील प्रत्येक कागद तालुक्याच्या नावासाठी माणसाला स्वतः वाचावा लागेल.